पांढऱ्या रंगाचा तोल

गिरगांव, लालबाग, परळ ह्या भागांतील चाळी सोडून विरारकडे बिऱ्हाड हलविणाऱ्या कुटुंबांचा ओघ विसाव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत फार मोठा होता. विरारपर्यंत विजेची गाडी १९३६ सालींच पोंचली होती. तिच्या आधारानें स्टेशनच्या पूर्वेस, जीवदानीचा डोंगर ज्या बाजूस आहे त्याच बाजूस, मनवेलपाड्यासारख्या पाड्यांच्या जागीं हळूहळू इमारती उभ्या राहिल्या. बिऱ्हाडाच्या टेम्पोंत सर्वांत जपून न्यावयाची वस्तु म्हणजे रंगीत दूरचित्रवाणी-संच. गाद्यांच्या मध्यें ठेवून, दोरीनें आवळून तो नव्या घरीं आणावा, भिंतीशीं लावावा, बटण दाबावें, आणि पाहावें तों पडद्याच्या एका कोंपऱ्यांत हिरवट डाग आणि दुसऱ्यांत जांभळट छटा! टेम्पोच्या धक्क्यांनीं संच बिघडला, असेंच घरच्यांस वाटावयाचें. जाणता कारागीर मात्र पेंचकस काढण्यापूर्वीं एक विलक्षण प्रश्न विचारी: जुन्या घरीं संचाचें तोंड कोणत्या दिशेस होतें?

हा प्रश्न ऐकणाऱ्यास ज्योतिषांतला वाटे. वस्तुतः तो चुंबकशास्त्रांतला होता. त्याचें मर्म कळण्यास पडद्यावरील रंगाचा इतिहास थोडा मागें जाऊन पाहिला पाहिजे.

पडद्यावरील पांढरा रंग हा रंग नव्हे, तो तोल आहे. लाल, हिरवा आणि निळा हे तीन प्रकाश एका ठराविक प्रमाणांत मिसळले म्हणजे डोळा त्यास पांढरा म्हणतो. त्यांपैकीं एकानें किंचित् माघार घेतली कीं सारें चित्र उरलेल्या दोघांच्या अंगावर जातें. तीन प्रकाशांच्या मिश्रणाचें हें तत्त्व जेम्स क्लार्क मॅक्सवेल ह्या स्कॉटिश शास्त्रज्ञानें १७ मे १८६१ रोजीं लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें प्रत्यक्ष दाखविलें. चौकड्यांच्या एका फितीचीं तीन छायाचित्रें तीन रंगांच्या गाळण्यांतून घेतलेलीं होतीं. तीं त्या त्या रंगाच्या प्रकाशानें एकावर एक पाडतांच फीत रंगीत दिसूं लागली. गंमत अशी कीं, त्या काळच्या छायाचित्रणाच्या कांचेवरील रसायनास लाल प्रकाश जवळजवळ दिसतच नव्हता. फितीच्या लाल भागाकडून डोळ्यांस न दिसणारा अतिनील प्रकाशहि परावर्तित होत होता, तो लाल गाळणींतून पार झाला, आणि कांचेवर उमटला तो तोच. ही गोष्ट उलगडण्यास शंभर वर्षें लागलीं. तेव्हां रंगीत चित्राचा जन्म झाला तोच एका बिघाडासह, आणि तो बिघाड उपकारक ठरला, असें म्हणावयास हरकत नाहीं.

पुढच्यांचें नशीब इतकें चांगलें नव्हतें. महाराष्ट्रानें ह्या विषयांतला पहिला मोठा धडा १९३३ सालीं घेतला. प्रभात फिल्म कंपनीनें 'सैरंध्री' हा बोलपट रंगीत काढण्याचें साहस केलें. चित्रण कोल्हापुरास झालें, आणि रंगीत प्रती तयार करून घेण्यासाठीं व्ही. शांताराम जर्मनीस गेले. रंग मनासारखे उतरले नाहींत, आणि बोलपटहि चालला नाहीं. फितीवर एकदां बसलेला रंग परत उठवितां येत नाहीं. जी प्रत वाईट निघाली ती वाईटच राहते. दूरचित्रवाणीच्या पडद्यावर मात्र चित्र सेकंदास पंचवीस वेळां पुसलें जातें आणि पंचवीस वेळां नव्यानें काढलें जातें. तेथें रंगाचा तोल गेला तरी तो पुन्हां साधण्याची आशा असते. दुरुस्ती करणाऱ्या कारागिरांचा सारा व्यवसाय ह्या एका फरकावर उभा राहिला.

ज्या कांचेच्या नळीवर हें चित्र उमटे तिची मूळ कल्पना जर्मन शास्त्रज्ञ फर्डिनांड ब्राउन ह्याची, १८९७ सालची. निर्वात नळीच्या मानेंत एक तापलेला तुकडा असतो. त्यांतून निघालेला इलेक्ट्रॉनांचा झोत समोरच्या लेपावर आदळला कीं तेथें प्रकाश पडतो. एका रंगाच्या चित्रास हें पुरे. तीन रंगांचें काय करावें? इलेक्ट्रॉनास स्वतःचा रंग नसतो, हें येथें ध्यानीं धरावें. कारागीर ज्यास 'लाल गन' म्हणत ती लाल झोत फेकीत नसे. तिचा झोत लाल उजळणाऱ्या ठिपक्यांवरच पडावा, अशी योजना केलेली असे, इतकेंच. ही योजना म्हणजे पडद्यामागें बसविलेली पातळ लोखंडी जाळी. तिला लक्षावधि छिद्रें असतात. तीन गनांतून तीन झोत जरा वेगवेगळ्या कोनांतून येतात, एकाच छिद्रांतून जातात, आणि पलीकडे प्रत्येक झोत आपापल्या रंगाच्या ठिपक्यावर उतरतो. जर्मनींतील वेर्नर फ्लेक्सिग ह्यानें १९३८ सालीं ह्या कल्पनेचा हक्क नोंदविला. अमेरिकेंतील आर. सी. ए. कंपनीनें १९५० सालीं अशी नळी चालवून दाखविली. उधळपट्टी अशी कीं, पांच इलेक्ट्रॉनांपैकीं जेमतेम एक छिद्रांतून पार होई. बाकीचे जाळीवर आदळून तिला तापवीत. शिवाय आरंभींचा लाल उजळणारा लेप इतका मंद होता कीं, लाल गन सर्वांत जोरानें चालवावी लागे. युरोपियम ह्या दुर्मिळ धातूचा अंश असलेला तेजस्वी लाल लेप १९६० नंतरच्या दशकांत आला, तेव्हां ही ओढाताण कमी झाली.

नळीपर्यंत रंगाची वार्ता नेण्याची रीत हा दुसरा कटकटीचा भाग. अमेरिकेनें १९५३ सालीं मान्य केलेल्या पद्धतींत रंगाची छटा ही विजेच्या लहरीच्या कलेवर, म्हणजे ती लहर किती पुढें किंवा मागें सरकली आहे ह्यावर अवलंबून असे. वाटेंत ही कला थोडी सरकली कीं माणसांचे चेहरे हिरवे किंवा जांभळे होत. म्हणून तिकडील संचांवर छटा फिरविण्याचें एक वेगळें बटणच ठेवावें लागलें. जर्मनींतील टेलिफुंकन कंपनीच्या वाल्टर ब्रुख ह्यानें त्यावर सुंदर तोड काढली: रंगाच्या वार्तेचा एक भाग एका ओळींत सुलटा पाठवावयाचा, पुढच्या ओळींत उलटा. दोन शेजारच्या ओळींतील चुका एकमेकींस खाऊन टाकतात. रंग थोडा फिका होतो, परंतु बदलत नाहीं. ही 'पाल' पद्धति १९६३ च्या आरंभीं तज्ज्ञांपुढें मांडली गेली, आणि भारतानें रंगीत प्रक्षेपणासाठीं तीच पत्करली.

मुंबईचें दूरचित्रवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें. दहा वर्षें चित्र काळें-पांढरेंच होतें. त्या काळांत पडद्यासमोर रंगीत पारदर्शक तावदान लावण्याची हौस घरोघर दिसे. कांहीं तावदानें नुसतीं निळीं, तर कांहीं तीन पट्ट्यांचीं: वर आकाशासाठीं निळा, खालीं गवतासाठीं हिरवा. मग माणूस जवळ येऊन बोलूं लागला कीं त्याचें कपाळ निळें आणि गळा हिरवा. ही युक्ति हास्यास्पद म्हणून सोडून देण्यापूर्वीं एक गोष्ट सांगितली पाहिजे. जपानांतील तायतो कंपनीचा 'स्पेस इन्व्हेडर्स' हा नाण्यावर चालणारा पडद्यावरचा खेळ १९७८ सालीं निघाला, त्याचा पडदा काळा-पांढराच होता, आणि त्यावरील रंग हे कांचेवर लावलेल्या रंगीत पारदर्शक पट्ट्यांचे होते! पुढच्याच वर्षीं नामको कंपनीच्या 'गॅलक्सियन'नें खऱ्या रंगीत नळीचा उपयोग केला, आणि खेळांच्या पेट्यांत रंगाचें युग सुरू झालें. भारतांत तें १५ ऑगस्ट १९८२ च्या प्रक्षेपणानें आणि त्याच वर्षीं नोव्हेंबरांत दिल्लीस भरलेल्या आशियाई क्रीडास्पर्धांनीं आलें. संचांचे कारखाने महाराष्ट्रांतहि निघाले. व्हिडिओकॉनचा औरंगाबादेजवळ, तर १९८१ सालीं स्थापन झालेल्या ओनिडाचा पुढें वाड्यास. वाडा तेव्हां ठाणें जिल्ह्यांत होतें, १ ऑगस्ट २०१४ पासून विरारप्रमाणेंच पालघर जिल्ह्यांत आहे.

नव्वदीच्या दशकांत शहरोशहरीं खेळांच्या पेट्यांचीं दुकानें थाटलीं गेलीं, तेव्हां दूरचित्रवाणी दुरुस्त करणाऱ्यांकडे तेंहि काम येऊं लागलें. पेटीचा पडदा आणि घरचा पडदा ह्यांत नळी एकाच जातीची. पण पेटींत प्रक्षेपण नाहीं, अँटेना नाहीं, 'पाल' नाहीं. खेळाच्या पाटीकडून लाल, हिरवा आणि निळा ह्यांच्या तीन वेगळ्या तारा सरळ पडद्याच्या यंत्रणेकडे जातात. त्यामुळें तेथें छटा फिरविण्याचें बटण असण्याचा प्रश्नच येत नाहीं. रंग फिरला तर तिघांपैकीं कोणी तरी एक हरवला आहे, दुबळा झाला आहे किंवा माजला आहे. लाल हरवला तर चित्र आकाशी-हिरवट होतें, हिरवा हरवला तर जांभळट-गुलाबी, निळा हरवला तर पिवळें. पेटीच्या कामांत तयार झालेला कारागीर म्हणूनच घरच्या संचाकडेहि अधिक स्वच्छ दृष्टीनें पाहूं शके.

त्याची परीक्षेची रीत अगदीं साधी होती, आणि तितकीच निर्णायक. समजा, पडद्यावर लाल नाहीं. दोष खेळाच्या पाटीचा कीं पडद्याचा? त्यानें लाल आणि हिरवी ह्या दोन तारांची अदलाबदल करावी. आतां हिरवा नाहींसा होऊन लाल दिसूं लागला तर दोष तारेबरोबर सरकला. म्हणजे पडदा निर्दोष, पाटी किंवा तिचा मळलेला जोड अपराधी. अदलाबदल करूनहि लालच गैरहजर राहिला तर दोष पडद्याच्या घरांत. साक्षीदारांची जागा बदलून साक्ष तपासण्याचाच हा प्रकार! पुष्कळदा पाटीच्या पितळी दातांवरील काळा थर खोडरबरानें पुसतांच सारें प्रकरण मिटे.

दोष पडद्याकडे ठरला म्हणजे दृष्टि नळीच्या मानेवर बसविलेल्या छोट्या पाटीकडे वळे. तेथें उष्णता फार. नळीचा सॉकेट तेथेंच जडलेला, आणि त्याच्या पायांशीं असलेलें डाखकाम वर्षानुवर्षांच्या तापण्या-निवण्यानें तडकतें. पेटीच्या पाठीवर हलकी थाप मारतांच रंग परत आला आणि पुन्हां गेला, तर हा तडाच कारण, असें समजावें. कथिलाचा एक थेंब त्यास पुरे. परंतु ज्या वेळीं एक रंग पडद्यावर भरून वाहतो आणि त्यांत तिरप्या पांढुरक्या रेषाहि दिसतात, त्या वेळीं त्या रंगाच्या गनला आवर घालणारा ट्रान्झिस्टर जळालेला तरी असतो, किंवा नळीच्या पोटांत दोन भाग एकमेकांस चिकटलेले तरी असतात. पहिला बिघाड स्वस्तांतला, दुसरा जिवावरचा.

छटा सौम्य असेल तर निदान अधिक नाजूक होई. ती छटा चित्राच्या अंधाऱ्या भागांत आहे कीं उजळ भागांत, हें पाहावयाचें. मानेवरील पाटीवर बारीक स्क्रूंचे दोन संच असतात. एक संच प्रत्येक गन कोठें विझते तें ठरवितो, दुसरा ती किती जोरानें चालावी तें ठरवितो. अंधारांत लाली असेल तर पहिला संच, उजेडांत असेल तर दुसरा. आणि क्रम कधींहि उलटा नाहीं: आधीं काळ्याजवळचा करडा रंग निर्मळ करावा, मग पांढरा. पुष्कळ संचांत त्यासाठीं एक खटका असे. तो ओढला कीं सारें चित्र मिटून पडद्याच्या मध्यावर एक आडवी रेघ उरे. मग खोलींतले दिवे मालवून, एक एक गन अशी फिरवावयाची कीं तिची रेघ दिसते न दिसते इतकीच राहावी. तिन्ही रेघा एकमेकींत विरून करडी रेघ झाली कीं अर्धें काम संपलें. घाईनें प्रथम पांढऱ्यास हात घालणारा नवशिका संध्याकाळपर्यंत स्क्रू फिरवीत बसे.

कधीं कधीं मात्र स्क्रूंनीं कांहींच साधत नसे. संच लावल्यावर पहिलीं कांहीं मिनिटें चित्र आकाशी दिसावें, मग लाल हळूहळू चढावा, आणि तरीहि तो अपुरा राहावा, ही म्हाताऱ्या नळीची खूण. गनच्या टोकावरील बेरियमचा लेप झिजलेला असतो, इलेक्ट्रॉन पुरेसे निघत नाहींत. तंतूस क्षणभर अधिक वीज देऊन, टोकावरून जोराचा प्रवाह काढून, वरचा निकामी थर उडविण्याचें एक यंत्र कांहीं कारागिरांकडे असे. त्यानें नळीस उभारी येई. परंतु ती उभारी किती दिवसांची हें कोणीच सांगूं शकत नसे, आणि कधीं कधीं त्या धक्क्यानेंच गन कायमची बसे. प्रामाणिक कारागीर हें आधीं सांगत असे.

येथें व्यवहाराची गोष्ट येते. सबंध संचांत नळी ही सर्वांत महाग वस्तु. 'पिक्चर ट्यूब गेली' ह्या तीन शब्दांनीं मध्यमवर्गी घराचा महिन्याचा हिशेब कोसळे. कथिलाच्या थेंबानें सुटणारें काम आणि नळी बदलण्याचें काम बाहेरून पाहणाऱ्यास सारखेंच दिसे. दोन्हींत चित्र पिवळेंच. म्हणून निदान कोण करतो ह्यावर घरांतल्या पैशाचें भवितव्य अवलंबून राही. लॅमिंग्टन रोडवरून दोन रुपयांचा सुटा भाग आणून ज्यानें संच उभा केला, त्याचें नांव साऱ्या इमारतींत होई.

हें सारें संपूर्ण पडद्यावर पसरलेल्या छटेविषयीं झालें. मनवेलपाड्याच्या त्या घरांतला दोष निराळा होता. तेथें मधलें चित्र शुद्ध होतें, कोंपरे तेवढे डागाळले होते. तीनही गन निरोगी असल्याचाच हा पुरावा. गन आजारी असती तर सबंध चित्रावर छटा आली असती. झोत निघत होते, पण कांहीं ठिकाणीं चुकीच्या ठिपक्यांवर उतरत होते. त्यांस वाट चुकविणारी शक्ति एकच, चुंबकाची, आणि जगांतला सर्वांत मोठा चुंबक ही पृथ्वीच.

मुंबईच्या परिसरास ह्या शक्तीच्या मोजणीची मोठी परंपरा आहे. कुलाब्याच्या वेधशाळेंत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाचीं मोजमापें होत असत. शहरांतील ट्रामगाड्या विजेवर चालावयाच्या असें ठरलें, तेव्हां त्या विजेनें नाजूक सुया थरथरतील म्हणून संचालक नानाभाई फ्रामजी मूस ह्यांच्या कारकीर्दींत तें काम अलिबागेस हलविण्यांत आलें. तेथील वेधशाळा १९०४ सालीं सुरू झाली. विजेच्या ट्रामगाड्या १९०७ सालीं धांवूं लागल्या आणि १९६४ सालीं कायमच्या थांबल्या. अलिबागेचीं मोजमापें मात्र आजहि चालूं आहेत. त्यांवरून दिसतें कीं, ह्या किनाऱ्यावर पृथ्वीची चुंबकशक्ति उभ्यापेक्षां आडवी अधिक आहे. युरोपांत उलट स्थिति आहे. तेथें ती पुष्कळशी जमिनींत शिरते. शक्ति जितकी आडवी, तितका संच एका दिशेकडून दुसरीकडे वळविल्यानें पडणारा फरक मोठा. पूर्वेकडे तोंड असलेला संच उत्तराभिमुख झाला कीं झोतांवर कडेनें पडणारा ओढा आतां त्यांच्या वाटेनेंच पडूं लागतो, ते किंचित् पिळले जातात, आणि हा पीळ मध्यापेक्षां कोंपऱ्यांत अधिक जाणवतो. शिवाय मागची लोखंडी जाळी जुन्या दिशेचें चुंबकत्व धरून बसलेली असते.

ह्यावर उपाय संच बनविणाऱ्यांनींच करून ठेवला होता. नळीच्या कडेनें तांब्याच्या तारेचें एक मोठें कडें असतें. बटण दाबतांच जो 'घूं' असा आवाज येई तो ह्याच कड्याचा. त्यांतून उलटसुलट वाहणारी वीज प्रथम जोरानें जाते आणि थोड्या सेकंदांत जवळजवळ शून्यावर येते. तिच्या वाटेंत असलेला एक लहानसा तुकडा तापला कीं विजेस अडवितो. ह्या ओसरत्या हिसक्यांनीं जाळीचें जुनें चुंबकत्व पुसलें जातें आणि ती नव्या दिशेस रुळते. मग मनवेलपाड्यास हें कां घडलें नाहीं? दूरनियंत्रकाची संवय लागल्यापासून मुख्य खटका कोणी बंदच करीत नसे. कित्येक संचांत त्यामुळें तो तुकडा दिवसरात्र कोंबट राही, आणि कड्यास काम करण्याची संधीच मिळत नसे. संच नव्या घरीं आल्यावर पहिल्या तासांत तो चारपांचदां हलविला जाई, कधीं ह्या भिंतीशीं तर कधीं त्या, आणि तो चालूच असे. कारागीर मग मुख्य खटका बंद करावयास सांगे, अर्धा तास थांबे, चहा घेई, आणि खटका परत दाबी. आवाज आला, डाग गेला, तर त्यानें मजुरी काय मागावी हा त्याच्यापुढें खरा प्रश्न असे.

डाग राहिलाच तर तो खोलींत लाउडस्पीकर शोधी. स्पीकरांतल्या चुंबकानें किती तरी पडदे डागाळले आहेत. मुलांनीं पडद्यावर लोहचुंबक फिरवून पाहिल्याचीं उदाहरणेंहि थोडीं नाहींत. अशा वेळीं हातांत धरावयाचें मोठें कडें घेऊन तें पडद्यासमोर गोल गोल फिरवीत, हळूहळू मागें मागें सरत, खोलीच्या दुसऱ्या टोकास जाऊन मगच बंद करावयाचें. पडद्याजवळ असतांनाच तें बंद केलें तर पूर्वींपेक्षां मोठा डाग पडतो, हें प्रत्येक कारागीर एकदां तरी स्वतःच्या हातानें शिकलेला असे.

पातळ, सपाट पडदे आले आणि देशांतील नळ्यांचे कारखाने एकामागून एक बंद पडले. सपाट पडद्यांत झोत नाहीं, जाळी नाहीं, म्हणून दिशेचा प्रश्नहि उरला नाहीं. जुन्या नळीच्या कांचेंत शिसें असतें. १ मे २०१२ पासून लागू झालेल्या नियमांनीं असा विद्युत्-कचरा कोणाकडे द्यावयाचा हें ठरवून दिलें, तरी भंगारवाल्याच्या हातगाडीवर पालथा पडलेला संच पुढेंहि पुष्कळ वर्षें दिसत राहिला. जुन्या खेळांच्या पेट्या हौसेनें जतन करणारे लोक अशा संचांच्याच शोधांत असतात. पेटीची नळी म्हातारी झाली असेल तर त्याच मापाच्या घरगुती संचाची नळी तेथें बसूं शकते. मात्र मानेची जाडी, सॉकेटचे पाय आणि मानेवरील तारेच्या वेटोळ्याचा विद्युत्-रोध हीं जुळलीं पाहिजेत. वेटोळें जुळलें नाहीं तर जुन्या नळीवरचें काढून नवीवर चढवावें लागतें आणि तिन्ही झोत एका ठिकाणीं आणण्याचें काम मुळापासून करावें लागतें. म्हणून अनुभवी माणूस भंगारांतला संच उचलण्यापूर्वीं तो एकदां लावून पाहतो. चित्र कसें आहे इकडे त्याचें फारसें लक्ष नसतें. खटका दाबल्यापासून लाल रंग किती वेळांत वर येतो, तेवढें तो घड्याळ धरून मोजतो.